वरून आलेली माणसे : मुंबईच्या गव्हर्नरापासून महाराष्ट्राच्या राज्यपालापर्यंत

महाराष्ट्राच्या राज्यपालपदाची जन्मतारीख कोणी १ मे १९६० सांगतो, कोणी २६ जानेवारी १९५०. दोन्ही तारखा कागदोपत्री बरोबर आहेत. पण मलबार हिलच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून बसलेले हे पद याहून फार जुने आहे. त्याचा धागा थेट २७ मार्च १६६८ च्या सनदेपर्यंत जातो. पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर लग्नात मिळालेले मुंबई बेट सांभाळणे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला परवडेना. त्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. भाडे सोन्यात, दर वर्षी ३० सप्टेंबरला. कंपनीने मुंबईसाठी वेगळा माणूस पाठवण्याचा खर्चही केला नाही. सुरतेच्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन याच्याच गळ्यात मुंबईचे गव्हर्नरपद घातले. हा तोच ऑक्झेंडन, ज्याने १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील स्वारीत इंग्रजांची वखार लढवून राखली होती.

म्हणजे कंपनीच्या अमलातला मुंबईचा पहिला गव्हर्नर सुरतेत राहून मुंबईचा कारभार पाहत होता, आणि जुलै १६६९ मध्ये वारला तोही सुरतेतच. या पदाचा स्वभाव पहिल्या दिवसापासून हा असा आहे. माणूस एकीकडचा, मुलूख दुसरीकडचा आणि नेमणूक तिसरीकडून आलेली. पुढची साडेतीनशे वर्षे गव्हर्नर बदलले, झेंडे बदलले, घटना बदलल्या, पण हे त्रांगडे सुटले नाही. गव्हर्नराची खरी ताकद सनदेत काय लिहिले आहे यावर फारशी ठरलीच नाही. ती ठरली त्याला नेमणारा किती लांब बसला आहे यावर. प्रस्तुत लेखात हा इतिहास त्याच अंगाने मांडला आहे. सर्व गव्हर्नरांची जंत्री द्यायचा येथे विचार नाही. जंत्री कोणत्याही गॅझेटिअरात मिळते.

ऑक्झेंडननंतर आलेला जेराल्ड आँजिए याला मुंबईचा खरा पाया घालणारा मानतात, आणि ते रास्त आहे. जमीनदारांशी त्याने सारावसुलीचा करार केला, १६७२ मध्ये इंग्रजी कायद्याचे न्यायालय उघडले, निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना धर्माच्या मोकळीकीचा भरवसा देऊन बेटावर आणले. रायगडावरच्या राज्याभिषेकाला १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन गेला, तोही आँजिएच्याच काळात. यातले बहुतेक आँजिएने आपल्या अकलेने केले. लंडनला पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तितकेच. विचारून करायचे म्हटले तर वर्ष गेले.

या अंतराचा दुसरा चेहरा १६८३ च्या डिसेंबरात दिसला. कंपनीने काटकसरीसाठी पलटणीचा खर्च छाटला, तेव्हा पलटणीचा कप्तान रिचर्ड कीग्विन याने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद करून किल्ला ताब्यात घेतला आणि बेट राजाच्या नावाने चालवू लागला. कंपनीचा हुकूम आपल्याला लागू नाही, आपण थेट राजाचे चाकर, असा त्याचा दावा होता. जवळजवळ वर्षभर त्याने कारभार केला, आणि जाणकारांच्या मते बरा केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर टॉमस ग्रँथम आरमार घेऊन आला, तेव्हा माफीच्या अटीवर कीग्विनने किल्ला परत दिला. आपला मालक नेमका कोण, हा प्रश्न या पदाच्या कचेरीत पहिल्यांदा उघडपणे विचारला तो त्या बंडात. १६८७ मध्ये कंपनीने मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले आणि गव्हर्नर अखेर मुंबईत राहायला आला.

अठराव्या शतकाचा पूर्वार्ध आपण भरभर ओलांडू. चार्ल्स बून याने तटबंदी उभारली, सेंट टॉमस चर्च पुरे केले आणि कान्होजी आंग्र्यांवर आरमारी मोहिमा काढून हात पोळून घेतले. १७१८ मधल्या खांदेरीच्या मोहिमेत तर त्याची चांगलीच फजिती झाली. आंग्र्यांच्या लेखी मुंबईचा गव्हर्नर हा शेजारचा एक खटपट्या सौदागर होता, त्याहून जास्त काही नाही.

खरा पेच आला तो विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत. १७७३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला मुंबई आणि मद्रासवर देखरेखीचा अधिकार मिळाला. युद्ध आणि तह यांबाबत मुंबईने आता कलकत्त्याला विचारायचे होते. हॉर्नबीच्या कौन्सिलला हे रुचले नाही. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्याबाहेर पडलेला राघोबादादा आश्रयाला आला होता आणि साष्टी-वसईचा लोभ सुटत नव्हता. मार्च १७७५ मध्ये मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारता सुरतेचा तह करून टाकला. कलकत्त्याने तो नामंजूर केला, कर्नल अप्टनला परस्पर पुण्याला धाडले आणि मार्च १७७६ मध्ये बारभाईंशी पुरंदरचा तह केला. गंमत पुढे आहे. लंडनच्या संचालकांनी मुंबईच्या सुरत-तहाला पसंती कळवली, पण ते पत्र हिंदुस्थानात पोचले तोवर पुरंदरच्या तहावर सह्या होऊन गेल्या होत्या. एकच कंपनी, तिची तीन टोके आणि तिघांची तीन मते. नाना फडणिसांना हे नीट उमगले होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेने शरणागतीचा करार केला, तेव्हा मुंबई सरकारने सरळ हात झटकले. आमच्या माणसांना असा करार करायचा अधिकारच नव्हता, असे त्यांनी कळवून टाकले.

याच हॉर्नबीबद्दल मुंबईत एक दंतकथा सांगतात. वरळीची खाडी बुजवून बांध घालायला संचालकांनी मनाई केली आणि त्याला पदावरून दूर केल्याचे पत्र पाठवले. पत्र हाती आले तेव्हा बांध पुरा होत आला होता. गड्याने पत्र खिशात घातले आणि काम संपेपर्यंत बाहेर काढले नाही. कथा खरी की खोटी याला महत्त्व नाही. मुंबईकरांना गव्हर्नर कसा हवा होता, ते तिच्यातून कळते.

पेशवाई बुडाल्यावर हे पद एकदम मोठे झाले. बेटाचा गव्हर्नर खानदेशापासून कर्नाटकाच्या वेशीपर्यंतच्या मुलखाचा धनी झाला. नोव्हेंबर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या जागी आला तो दख्खनचा कमिशनर म्हणून पुण्याचा कारभार पाहूनच. इनामे, वतने, देवस्थाने यांना धक्का कमीत कमी लागेल असे त्याने पाहिले. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा शिक्षणाकडे वळू लागला. १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे एका संहितेत बांधले गेले. एल्फिन्स्टन भला माणूस होता याविषयी आपल्याकडे फारसा वाद नाही. पण तो परक्या सत्तेची पकड घट्ट करणारा भला माणूस होता, हेही त्याच वाक्यात म्हणायला हवे. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याचा आणि त्याच्या मागोमाग आलेल्या सर जॉन माल्कमचा पुतळा आहे. दोन्ही शँट्री या शिल्पकाराचे.

माल्कमच्या काळातल्या एका खटल्याची आठवण मराठी वाचकाने मुद्दाम ठेवावी. पुण्यातल्या एका वजनदार घरातला मोरो रघुनाथ हा कोवळ्या वयाचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. मुलाला बळाने डांबून ठेवले आहे, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने त्याला हजर करण्याचा हुकूम पुण्याला धाडला. पुण्यातला माणूस मुंबईच्या कोर्टाच्या कक्षेत येतो का, हा प्रश्न. माल्कमने हुकूम बजावायला साफ नकार दिला. दख्खनच्या सरदारांना आपण मान राखण्याचा शब्द दिला आहे, कोर्टाचे बेलिफ त्यांच्या वाड्यात शिरले तर तो शब्द राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. कोर्टातले दोन न्यायाधीश १८२८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने वारले होते. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी रागाने कोर्टच बंद केले. लंडनला प्रिव्ही कौन्सिलने निकाल सरकारच्या बाजूने दिला. त्याच सुमारास मंत्री लॉर्ड एलेनबरोने माल्कमला खाजगी पत्र लिहून धीर दिला. नवे दोन न्यायाधीश पाठवतो आहे, त्या दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये हा रानटी हत्ती नीट चालेल, अशा अर्थाचे ते पत्र होते. ते फुटले आणि छापून आले. गव्हर्नर आणि न्यायालय यांच्या झटापटीत वरचा मंत्री कोणाच्या कानाशी लागतो, याचा इतका स्वच्छ पुरावा पुढे क्वचितच हाती लागला.

साताऱ्याच्या प्रकरणात तर एकाच खुर्चीने दोन वेगळी उत्तरे दिली. सप्टेंबर १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅकने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून त्यांचे बंधू शहाजी यांना बसवले. प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनच्या दारात वर्षानुवर्षे न्याय मागत राहिले. शहाजी एप्रिल १८४८ मध्ये वारले आणि दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हाचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने स्पष्ट लिहिले की तहाप्रमाणे दत्तक मानलाच पाहिजे. महिन्याभरात क्लार्क गेला, लॉर्ड फॉकलंड आला आणि त्याने राज्य खालसा करण्याच्या बाजूने मत दिले. डलहौसीला हवे होते तेच. सातारा बुडाले. क्लार्कचे टिपण दप्तरात राहिले.

मग तार आली. १८७० मध्ये मुंबईपासून समुद्राखालची केबल सुरू झाली आणि लंडनचा हुकूम महिन्यांऐवजी तासांत पोचू लागला. त्याआधी सर बार्टल फ्रिअरने पुण्याला गणेशखिंडीत पावसाळी वाड्याचे बांधकाम काढले होते. खर्च अंदाजाबाहेर गेला, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर उधळे आणि बेमुर्वत आहेत अशी ओरड विलायतेत झाली. तारेनंतरच्या गव्हर्नरांना अशी चैन करता आली नाही. ते समारंभाला अधिक, निर्णयाला कमी उरले. इलाख्यात मात्र वचक तोच राहिला.

गव्हर्नरांच्या वाड्यांची कथाही सांगण्यासारखी आहे. परळचे गव्हर्नमेंट हाउस मूळचे जेझुइट पाद्र्यांचे. १८८२ मध्ये तिथे लेडी फर्ग्युसन कॉलऱ्याने गेल्या, त्यानंतर परळ मनातून उतरले आणि मलबार पॉइंट हे कायमचे निवासस्थान ठरले. १८९९ मध्ये परळच्या त्या वाड्यात डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. गणेशखिंडीच्या वाड्यात १९४९ पासून पुणे विद्यापीठ आहे. गव्हर्नरांनी सोडलेल्या दोन वाड्यांचे याहून चांगले काही होऊ शकले नसते.

त्या गणेशखिंडीच्याच रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. यजमान होते गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट. पुढे महिन्याभरात टिळकांवर राजद्रोहाचा खटला. चौतीस वर्षांनी, २२ जुलै १९३१ रोजी, गोळी थेट गव्हर्नरपदावरच झाडली गेली. फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पाहणीला आला असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून पिस्तूल चालवले. हॉटसन बचावला. सोलापूरच्या मार्शल लॉची आणि तिथल्या चार फाशींची चीड त्या गोळीमागे होती.

त्याआधी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने १० जून १९१८ रोजी टाउन हॉलमध्ये भरवलेल्या युद्धपरिषदेत टिळकांना स्वराज्याचा मुद्दा बोलू दिला नाही आणि टिळक उठून बाहेर पडले. मुंबईकरांनी त्याची परतफेड सहा महिन्यांत केली. निवृत्त होणाऱ्या विलिंग्डनच्या सत्कारासाठी बोलावलेली सभा जिना यांच्या पुढाकाराखाली उधळली गेली.

१९३५ च्या कायद्याने गव्हर्नरासमोर निवडून आलेले मंत्रिमंडळ येऊन बसले. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसने ८६ जिंकल्या, पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाही अशी हमी मागितली. हमी मिळेपर्यंत १ एप्रिल १९३७ पासून धनजीशा कूपर यांचे अल्पमताचे मंत्रिमंडळ बसवण्यात आले. बाळासाहेब खेर जुलैत मुख्य प्रधान झाले. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कलम ९३ खाली १९४६ पर्यंत गव्हर्नरी राजवट चालली. आजच्या राष्ट्रपती राजवटीचे मूळ तिथे आहे.

स्वातंत्र्यानंतरही सर जॉन कोल्व्हिल काही महिने राहिला. जानेवारी १९४८ मध्ये राजा महाराजसिंग हे मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या वेळी दिल्लीत घटना समितीपुढे प्रश्न होता की राज्यपाल निवडायचा की नेमायचा. मूळ बेत निवडण्याचा होता. मे १९४९ अखेरीस तो बदलला. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री एका म्यानात राहणार नाहीत, ही भीती खरी होती. डॉ. आंबेडकरांनी त्या चर्चेत असे मांडले की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने वापरण्याजोगी सत्ता नाही, त्याला कर्तव्ये आहेत. नेमणूक दिल्लीची, मुदत राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. लंडनच्या जागी दिल्ली आली आणि दिल्ली फार जवळ होती.

१ मे १९६० च्या मध्यरात्री राजभवनाच्या आवारात पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचे उद्घाटन झाले, तेव्हा राज्यपाल होते श्रीप्रकाश. त्यांच्यानंतर सुब्बरायन आले आणि सहा महिन्यांत वारले. मग विजयालक्ष्मी पंडित आल्या, त्या १९६४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लढवायला गेल्या. डॉ. चेरियन आणि अली यावर जंग हे दोघे पदावर असतानाच निवर्तले. शंकर दयाळ शर्मा १९८७ मध्ये इथून उपराष्ट्रपती झाले, सी. पी. राधाकृष्णन २०२५ मध्ये. आपली माणसेही बाहेर गेली. लोकनायक अणे बिहारला, काकासाहेब गाडगीळ पंजाबला, हरि विनायक पाटसकर मध्य प्रदेशात, वसंतदादा राजस्थानात. राजभवन म्हणजे राजकारणाची पेन्शन, असे आपल्याकडे चेष्टेने म्हणतात. काकासाहेबांसारख्यांच्या बाबतीत ती चेष्टा लागू पडत नाही.

पण महाराष्ट्राच्या राज्यपालाजवळ एक गोष्ट अशी आहे, जी फार थोड्या राज्यपालांकडे या स्वरूपात आहे. घटनेचे कलम ३७१(२). नागपूर करारातून आणि १९५६ च्या घटनादुरुस्तीतून आलेले हे कलम विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे आणि निधीचे न्याय्य वाटप यांची खास जबाबदारी राज्यपालावर टाकू देते. तीन दशके ते कागदावर पडून राहिले. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांची सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पंपांची वीज यांची जिल्हावार सरासरी काढून सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. मंडळे यायला १९९४ उजाडले. पुढच्या समितीने अनुशेषाचा आकडा १४,००६ कोटींच्या घरात नेला. डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांनी २००१ मध्ये निधिवाटपाचे निर्देश दिले. कोणत्या विभागाच्या सिंचनाला किती टक्के, हे राजभवनातून लिहून येऊ लागले, आणि मंत्रालयाला ते पाळावे लागू लागले. मंत्र्यांना हे टोचले यात नवल नाही. पण हॉर्नबी-माल्कमपासूनच्या साऱ्या इतिहासात गव्हर्नराच्या स्वतंत्र अधिकाराचा सामान्य माणसाला उपयोग व्हावा, अशी तजवीज एवढीच.

याउलट गेल्या काही वर्षांत पदाची चर्चा भलत्याच कारणांनी झाली. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास नव्या सरकारचा शपथविधी उरकला. ते सरकार चार दिवसही टिकले नाही. विधान परिषदेवरच्या १२ नामनियुक्त सदस्यांची यादी मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवली, ती राज्यपालांकडे पडूनच राहिली. आठ महिने हा वाजवी काळ झाला, असे उच्च न्यायालयाला सांगावे लागले. जून २०२२ मधल्या बहुमत चाचणीचा आदेश कायद्याला धरून नव्हता, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिला. पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे घड्याळाचे काटे मागे फिरवता आले नाहीत. मुंबई-दिल्ली अंतर फोनच्या एका घंटीवर आले की काय होते, त्याची ही उदाहरणे. कोणत्या पक्षाचे राज्यपाल होते याने यात फरक पडत नाही. सत्ता पालटली की बोट दाखवणारेही पालटतात.

तीनही विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि तेव्हाच्या सरकारने ती वाढवली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुढच्या सरकारने मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय मंत्रिमंडळात घेतला. कलम ३७१(२) घटनेत आहे तसेच आहे. नवा राज्यपाल शपथ घेतो तेव्हा वर्तमानपत्रे त्याचा पक्ष, गाव आणि पूर्वीची पदे छापतात. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांनी, आमदारांनी आणि वार्ताहरांनी त्याला पहिला प्रश्न या कलमाबद्दल विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावा.